अठरा वर्षांच्या मुलात उद्याचा खेळाडू कसा शोधतात? ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा ड्राफ्ट, सोप्या भाषेत

२००१ सालच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लबांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याच्या कार्यक्रमात, हॉथॉर्न क्लबने सगळ्यात पहिला निवडला ल्यूक हॉज. दुसरा ल्यूक बॉल सेंट किल्डाकडे गेला, तिसरा ख्रिस जड वेस्ट कोस्टकडे. नावं पुकारली जात राहिली. छत्तिसाव्या क्रमांकावर सॅम मिचेल आला, अठ्ठावन्नाव्या क्रमांकावर डेन स्वॉन. हॉजने पुढे हॉथॉर्नकडून चार विजेतेपदं जिंकली. जडला ब्राउनलो पदक दोनदा मिळालं. मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूचा हा मान. पण २०११ चं ब्राउनलो स्वॉनच्या गळ्यात पडलं आणि २०१२ चं विभागून मिचेलच्या. स्वॉनचं नाव येईपर्यंत ५७ मुलं निवडून झाली होती. ज्या कॉलिंगवूडने त्याला घेतलं, त्यांनीही आधी दुसऱ्यांनाच पसंती दिली होती.

हे वाचून ‘निवडणाऱ्यांना काही कळत नाही’ असं म्हणावंसं वाटेल. मला ते पटत नाही. ही माणसं वर्षभर मैदानोमैदानी फिरत असतात, एकेका मुलाचे पंधरा-वीस सामने पाहतात, त्याच्या घरी जाऊन येतात. अडचण प्रश्नातच आहे. आज कोण चांगला खेळतोय, हे बाकावर बसलेल्या कुणाच्याही नजरेत भरतं. या मुलात अजून किती वाढ शिल्लक आहे आणि सहा वर्षांनी तो कसा खेळेल, हे मात्र ताडावं लागतं. ड्राफ्टचा सगळा खटाटोप या ताडण्यासाठी आहे.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मेलबर्नमध्ये १८५९ साली या खेळाचे पहिले नियम लिहिले गेले. मैदान लंबवर्तुळाकार, बहुधा क्रिकेटचंच; मेलबर्नचं एमसीजी आपल्याला कसोटीमुळे माहीत आहे, पण सप्टेंबरमध्ये ते या फुटबॉलच्या अंतिम सामन्याने भरतं. प्रत्येक संघाचे १८ जण मैदानात असतात. चेंडू लांबट असतो. तो लाथेने मारायचा, नाहीतर एका हातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोसून साथीदाराकडे द्यायचा, ज्याला हँडबॉल म्हणतात. फेकायला बंदी. कुणीही लाथेने मारलेला चेंडू १५ मीटर किंवा जास्त अंतरावरून येताना कुणाचा हात न लागता झेलला, तर तो ‘मार्क’ होतो आणि अडथळ्याविना पुढची किक घेता येते. मधल्या दोन खांबांतून किक मारली की ६ गुण, बाजूच्या खांबातून गेली तर १. ऑफसाइड नावाची भानगडच नाही. त्यामुळे धोका कुठल्याही दिशेने येतो, आणि मधल्या फळीतला खेळाडू एका सामन्यात १२-१३ किलोमीटर सहज धावतो.

ड्राफ्ट १९८६ पासून सुरू झाला. ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगमध्ये (एएफएल) आज १८ क्लब आहेत, आणि २०२८ मध्ये टास्मानिया हा एकोणिसावा येणार आहे. गुणतक्त्यात जो तळाला राहिला त्याला निवडीची पहिली संधी, विजेत्याला शेवटची. आयपीएलच्या लिलावात पैसा बोलतो, इथे पाळी बोलते. मुलाला कुठला क्लब मिळावा, यावर त्याचा स्वतःचा फारसा जोर चालत नाही. पर्थचा मुलगा ब्रिस्बेनला जाऊ शकतो, म्हणजे घरापासून साडेतीन हजार किलोमीटरवर. दर नोव्हेंबरात हे घडतं. त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत ज्याची १८ वर्षं पूर्ण होतात, तो पात्र.

ही मुलं येतात कुठून? व्हिक्टोरिया राज्यात १८ वर्षांखालच्या मुलांची टॅलेंट लीग आहे. ओकली चार्जर्स, सँडरिंगहॅम ड्रॅगन्स, जिलाँग फाल्कन्स, बेंडिगो पायोनियर्स असे तिचे विभागवार संघ आहेत. दक्षिण आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात तिथल्या जुन्या राज्य लीगचे कुमार संघ आहेत. वर्षाच्या मध्याला राज्यांच्या संघांमध्ये राष्ट्रीय अजिंक्यपद होतं आणि तिथे सगळ्या क्लबांचे निवडकर्ते एकाच स्टँडमध्ये बसलेले दिसतात. इथे त्यांना रिक्रूटर म्हणतात. आपणही तोच शब्द वापरू.

रिक्रूटर पाहतो तरी काय? एक छोटा प्रसंग घेऊ. जुलैतली शनिवारची सकाळ, मैदान ओलं. पंच चेंडू वर उडवतो. दोन्ही बाजूंचे उंचेपुरे रक खेळाडू उडी घेऊन तो आपल्या माणसाकडे थोपटायला बघतात. खाली सात-आठ मुलं एकमेकांना खेटून उभी. चेंडू एका मुलाच्या हातात पडतो, तो ठोसून देतो, गर्दी तिकडे धावते. प्रेक्षक चेंडूमागे बघतात. रिक्रूटरची नजर मात्र एका मुलावर असते आणि चेंडू वर जाण्याआधीच्या दोन सेकंदांवर. त्याने मान वळवून मागे कोण मोकळं आहे ते पाहिलं का? रक कुठल्या बाजूला थोपटणार याचा अंदाज घेऊन पाय आधीच हलवला का? ओला चेंडू एका झटक्यात हातात आला, की आधी छातीवर आपटला? अंगावर दोघं आल्यावर त्याने डोळे मिटून लाथ हाणली, की अर्धा क्षण थांबून डाव्या पायाने तिरका पास दिला? आणि चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे गेला तेव्हा तो कमरेवर हात ठेवून उभा राहिला, की मागे धावला? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर टीव्हीच्या चित्रणात बहुधा सापडत नाही, कारण कॅमेरा चेंडूसोबत पुढे गेलेला असतो. व्हिडिओच्या जमान्यातही रिक्रूटर थंडीत कुडकुडत प्रत्यक्ष मैदानावर जातो, त्याचं मोठं कारण हेच.

आता चाचण्या. ऑक्टोबरमध्ये निवडक मुलांना ‘कंबाइन’ला बोलावतात. २० मीटर धाव, जागेवरून आणि धावत येऊन उंच उडी, खांबांभोवती वळत धावण्याची चपळाईची चाचणी, २ किलोमीटरची दौड, उंची, वजन, वैद्यकीय तपासणी. वृत्तपत्रांत या आकड्यांचा फार गाजावाजा होतो. २० मीटर कुणी २.९ सेकंदांत कापले, तर मथळे येतात. ३.०५ सेकंद लागलेल्या मुलापेक्षा तो शेवटाला साधारण एक मीटरने पुढे असतो. हा मीटर कमी नाही. मागून टॅकल करायला आलेल्याचा हात पाठीला लागतो की हवेत राहतो, ते त्याच मीटरवर ठरतं. जड हा असा होता. गर्दीतून चेंडू घेऊन पहिल्या चार पावलांतच तो सगळ्यांना मागे टाकायचा.

पण तो मीटर मिळवायचा दुसराही रस्ता आहे, आणि या विषयातला मला सगळ्यात प्रिय भाग हाच आहे. सॅम मिचेल हळू होता, उंचीला बेताचा होता. आधीच्या ड्राफ्टमध्ये त्याला कुणीच घेतलं नाही. तो बॉक्स हिलकडून व्हिक्टोरियाच्या मोठ्यांच्या लीगमध्ये खेळत राहिला, तिथे विजेतेपद जिंकलं आणि मग कुठे हॉथॉर्नने त्याला छत्तिसावा घेतला. चेंडू कुठे पडणार, हे त्याला इतरांच्या आधी कळायचं, म्हणून धावायची गरजच कमी पडायची. शिवाय दोन्ही पाय सारखेच चालायचे. उजव्या बाजूने त्याला कोंडलं तर तो डावीकडून निघायचा. कोंडणाऱ्याचं गणितच चुकायचं. स्टॉपवॉच हे मोजू शकत नाही. लॅकी नील हे त्याच जातीचं पुढचं उदाहरण: २०११ च्या ड्राफ्टमध्ये तोही अठ्ठावन्नावा, उंचीला लहान, आणि ब्राउनलो पदक दोनदा, २०२० आणि २०२३ मध्ये.

मग चाचण्या निरुपयोगी का? तसं नाही. एखादा मुलगा २ किलोमीटर धावताना खूप मागे पडला, तर मोठ्यांच्या सामन्यात चौथ्या, म्हणजे शेवटच्या पाव भागात त्याचे पाय साथ देणार नाहीत, हे आधीच कळलेलं बरं. दोन वर्षांत दम वाढवता येतो. वेग फारसा वाढत नाही. उंची तर वाढली तर वाढली. म्हणून रिक्रूटर आकड्यांकडे बघताना ‘हे शिकवता येईल का?’ हा प्रश्न विचारतो. जे शिकवता येतं त्यात मुलगा कमी पडला तरी तो घाबरत नाही.

शरीर कधी वाढलं, यावर मात्र मोठमोठे फसतात. एकाच वयोगटात १ जानेवारीला जन्मलेला आणि ३० डिसेंबरला जन्मलेला एकत्र खेळतात. त्यांच्यात जवळजवळ एका वर्षाचं अंतर. सोळाव्या वर्षी हे अंतर प्रचंड असतं. एकाला दाढी फुटलेली, दुसऱ्याचा आवाजही फुटलेला नाही. थोरला पोरगा निव्वळ अंगाच्या जोरावर चौघांच्या डोक्यावरून चेंडू झेलतो, राज्याच्या संघात निवडला जातो, चांगला प्रशिक्षक मिळवतो आणि त्यामुळे खरोखरच सुधारतो. धाकटा तोवर राखीव बाकावर. अभ्यासांतही दिसलंय की ड्राफ्टमध्ये येणाऱ्या किशोरांमध्ये वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेले जास्त असतात, तर उशिरा, मोठ्या वयात निवडलेल्यांमध्ये हा कल दिसत नाही. म्हणजे मागे राहिलेल्यांत कसब होतं, वेळ कमी पडला.

मॅक्स गॉनकडे बघा. त्याचा जन्म ३० डिसेंबर १९९१ चा. २००९ च्या ड्राफ्टला तो केवळ दोन दिवसांनी पात्र ठरला. नोव्हेंबरात मेलबर्न क्लबने त्याला चौतिसावा घेतला, तेव्हा त्याची अठरा वर्षं पूर्णही झाली नव्हती. त्यात तो दोन मीटरहून उंच. अशा उंच मुलांचे सांधे, तोल, ताकद सगळं जुळून यायला वर्षं लागतात. लीगच्या सर्वोत्तम संघात, म्हणजे मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या मानाच्या संघात, त्याचं नाव पहिल्यांदा आलं २०१६ मध्ये. २०२१ मध्ये त्याच्याच नेतृत्वाखाली मेलबर्नने ५७ वर्षांनी विजेतेपद जिंकलं. उंच रक आणि बचावपटू घेताना क्लबने पाच-सहा वर्षांचा धीर धरायला हवा. ज्याला तेवढा धीर नाही त्याने त्यांच्या वाटेला जाऊ नये, असं माझं मत आहे.

सामन्यातल्या आकडेवारीचंही तसंच. मुलाने ३० वेळा चेंडू मिळवला, हे ऐकायला भारी वाटतं. पण कुठे मिळवला? मोकळ्या बाजूला उभं राहून साथीदाराकडून आलेला, की चौघांच्या गर्दीतून उपसलेला? आणि दिला कुणाला? बलाढ्य संघात खेळणाऱ्याला चेंडू आयता मिळतो. दुबळ्या संघातल्या मुलावर दर सामन्यात दोघे पहारेकरी असतात. म्हणून आजकाल नुसती संख्या न बघता गर्दीतून जिंकलेले चेंडू, रकच्या उडीनंतर मोकळा काढून दिलेला पहिला चेंडू, दबावाखाली किक किती नेमकी पडली, हे वेगळं मोजतात.

२०२० मध्ये तर आकडेच नव्हते. कोविडमुळे व्हिक्टोरियातल्या १८ वर्षांखालच्या लीगचा अख्खा मोसम रद्द झाला. तिथल्या मुलांना क्लबांनी आदल्या वर्षीच्या, म्हणजे त्यांच्या सतराव्या वर्षाच्या चित्रणावरून निवडलं. ज्या पोरांची वाढ नेमकी त्या वर्षी झाली असती, त्यांना ती दाखवायला मैदानच मिळालं नाही. मला त्या तुकडीबद्दल आजही हळहळ वाटते. त्याच ड्राफ्टमध्ये सिडनीच्या अकादमीतला एरोल गुल्डन बत्तिसावा गेला. २०२३ मध्ये तो लीगच्या सर्वोत्तम संघात होता.

मैदानाबाहेरची चौकशी हा अर्धा व्यवसाय आहे. रिक्रूटर मुलाशी बोलतात, आईवडिलांशी बोलतात, शाळेतल्या शिक्षकांना, जुन्या प्रशिक्षकांना, फिजिओला विचारतात. हरल्यावर कसा वागतो? दुखापतीचे सहा महिने कसे काढले? जुन्या दुखण्यांचे अहवाल डॉक्टर तपासतात. आणि एक प्रश्न कायम असतो: घरापासून लांब राहील का? ब्रिस्बेन लायन्सला याचा मोठा फटका बसला. २०१३ च्या मोसमानंतर त्यांचे पाच तरुण खेळाडू एकाच वेळी क्लब सोडून गेले: सॅम डॉकर्टी, जॅरेड पोलेक, एलियट यिओ, बिली लाँगर आणि पॅट्रिक कारनेझिस. यिओ आपल्या पर्थला परतला आणि वेस्ट कोस्टच्या २०१८ च्या विजेत्या संघात खेळला. डॉकर्टी कार्लटनमध्ये जाऊन बहरला. म्हणजे ब्रिस्बेनने मुलं अचूक हेरली होती, पण फळ दुसऱ्यांनी खाल्लं. अठरा वर्षांच्या पोराला परक्या शहरात आईच्या हातचं जेवण आठवतं, मित्र आठवतात. त्याला सांभाळायला क्लबमध्ये कोण आहे, हा प्रश्न क्लबने स्वतःलाही विचारायला हवा.

आता तुमची पाळी आली आणि समोर दोन नावं आहेत. संघाला गरज आहे ती जागा भरणारा घ्यायचा, की उरलेल्यांतला सर्वांत गुणवान? आपल्याकडचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. २००८ च्या पहिल्या आयपीएलमध्ये १९ वर्षांखालच्या विश्वविजेत्या संघातल्या मुलांसाठी लिलाव नव्हता, ड्राफ्टच होता. दिल्लीकडे फलंदाज भरपूर होते, म्हणून त्यांनी डावखुरा वेगवान गोलंदाज प्रदीप सांगवानला घेतलं, आणि विराट कोहली बंगळुरूकडे गेला. २००४ च्या एएफएल ड्राफ्टमध्ये असंच काहीसं झालं. पहिला आणि चौथा क्रमांक रिचमंडकडे होता. लान्स फ्रँकलिन पाचवा हॉथॉर्नकडे गेला आणि कारकिर्दीत त्याने १,०६६ गोल केले. त्याच ड्राफ्टमध्ये हॉथॉर्नने जॅरिड रफहेड दुसरा आणि जॉर्डन लुईस सातवा घेतला होता. एकाच ड्राफ्टमधल्या तीन निवडींवर त्या क्लबचं पुढचं दशक उभं राहिलं. अठरा वर्षांच्या मुलांच्या बाबतीत गरजेपेक्षा गुण बघावेत, असं मला ठामपणे वाटतं. मुलगा तयार होईपर्यंत तीन-चार वर्षं जातात, आणि तोवर संघाची गरजच बदललेली असते.

काही क्रमांक मात्र फसवे असतात. वडील एखाद्या क्लबकडून १०० सामने खेळले असतील, तर मुलावर त्या क्लबचा हक्क असतो. २००१ मध्ये गॅरी ॲबलेट धाकटा जिलाँगला चाळिसावा मिळाला, तो याच नियमाने, आणि त्याने पुढे ब्राउनलो पदक दोनदा जिंकलं. त्याच्या चाळिसाव्या क्रमांकावरून रिक्रूटरांना नावं ठेवणं चुकीचं. आता हे इतकं स्वस्तात होत नाही. दुसरा क्लब त्या मुलासाठी बोली लावतो, आणि वडिलांच्या क्लबला त्या क्रमांकाच्या किमतीनुसार ठरणारे गुण आपल्या पुढच्या निवडींमधून चुकते करावे लागतात. २०२१ मध्ये निक डेकॉस असाच चौथ्या क्रमांकावर कॉलिंगवूडला मिळाला. त्याचे वडील पीटर याच क्लबकडून २५० सामने खेळले होते. सिडनी आणि ब्रिस्बेनकडच्या चार क्लबांना आपापल्या अकादमीतल्या मुलांवर असाच हक्क आहे, कारण तिथे रग्बीचं वर्चस्व आहे आणि मुलांना या खेळाकडे वळवावं लागतं.

सगळंच नशिबावर असतं असंही नाही. जिलाँगचे रिक्रूटर स्टीफन वेल्स यांनी १९९९ मध्ये जोएल कोरी आठवा, पॉल चॅपमन एकतिसावा, कॅमेरॉन लिंग अडतिसावा आणि कोरी एनराइट सत्तेचाळिसावा निवडला. दोन वर्षांनी जिमी बार्टेल, जेम्स केली आणि स्टीव्ह जॉन्सन. ही मंडळी जिलाँगच्या २००७, २००९ आणि २०११ च्या विजेतेपदांचा कणा होती. एनराइट तर ३३२ सामने खेळला. एखादी निवड योगायोगाने बरोबर येते. उशिराच्या क्रमांकांवर एवढी माणसं एकाच क्लबला सापडतात, तेव्हा तिथे नजर असते. अचूक पहिल्या निवडीही असतात: २०१९ चा पहिला मॅट रॉवेल, त्याचाच ओकलीचा साथीदार नोआ अँडरसन दुसरा, दोघेही गोल्ड कोस्टकडे. रॉवेलने २०२५ चं ब्राउनलो जिंकलं.

आणि ज्यांना अठराव्या वर्षी कुणीच घेतलं नाही? त्यांच्यासाठी २०१९ मध्ये मोसमाच्या मधला ड्राफ्ट पुन्हा सुरू झाला. राज्य लीगमध्ये खेळणाऱ्या मोठ्या मुलांना त्यातून क्लब घेऊ शकतात. पहिल्याच वर्षी रिचमंडने साउथ फ्रीमँटलच्या मार्लियन पिकेटला उचललं. वय २७. तरुणपणी तुरुंगात जाऊन आलेला, मुलाबाळांचा बाप. रिचमंडच्या मुख्य संघातून त्याचा पहिला सामना थेट त्या वर्षीचा अंतिम सामना ठरला. पहिल्या सामन्यातच अंतिम फेरी खेळणारा खेळाडू लीगने १९५२ नंतर पाहिला नव्हता. एमसीजीवर त्याने गोल मारला तेव्हा रिचमंडचे सगळे खेळाडू त्याच्याकडे धावत आले. तो सामना रिचमंडने ८९ गुणांनी जिंकला.